एकशे पाचवी जांभई

विश्वास कुणावर ठेवावा, सांगता का? झोपलेल्या माणसावर, की त्याच्या शेजारी जागणाऱ्या माणसावर? कोरेपाटणच्या कौटुंबिक न्यायालयात पोटगी म्हणून पैसे नव्हे, झोप लावून देतात. त्यामुळे हा प्रश्न तिथे रोज उभा राहतो आणि भल्याभल्यांना त्याचं उत्तर येत नाही.

तशी पद्धत सोपी आहे. ज्याच्याकडून पोटगी मागायची त्याची रोजची झोप किती, ते आधी काढायचं. त्यातून जगण्यापुरते अडीच तास वजा करायचे. उरते ती शिल्लक. मग मागणाऱ्या बाईची माहेरची झोप किती होती, लग्नानंतर ती कितीनं घटली, कुणापायी घटली आणि आता तिची तिला किती मिळते, हे सगळं बघून त्या शिल्लकीतला वाटा तिला लावून द्यायचा. दर महिन्याच्या पाच तारखेला नवऱ्यानं कोर्टात यायचं, जमेचा हिशोब ठेवणाऱ्या नाझरासमोरच्या बाकावर बसायचं आणि कडीच्या डब्यात तोंड घालून जांभया द्यायच्या. एका जांभईत पाऊण तास बसतो. डब्याला लाखेची मोहर लावली, पावती फाडली, की डबा बाईचा. तिनं तो घरी न्यायचा, उशीवर डोकं टेकायचं आणि कानाशी धरून झाकण काढायचं.

जिथे माप आलं तिथे लबाडी आलीच. एका मास्तरांनी कीर्तनातल्या डुलक्या भरून आणल्या होत्या. गुरव नाझरांनी डबा कानाशी लावून नुसता हलवला आणि म्हणाले, "मास्तर, ही झोप दर दीड मिनिटाला दचकतीय. न्या परत." एका बस कंडक्टरनं उभ्यानं घेतलेली झोप दिली, ती मात्र पकडली गेली नाही. त्याची बायको महिनाभर भिंतीला टेकून उभ्यानं झोपली आणि झोपेत एक हात वर करून दांडी शोधत राहिली. तेव्हापासून नाझर आधी विचारतात, "आडवी आहे की उभी?"

अशा या कोर्टात भांडी आळीतल्या मन्मथ शेट्यांची बायको कुंदा पोटगी मागायला उभी राहिली.

शेट्यांचं स्टीलच्या आणि पितळी भांड्यांचं दुकान तीन पिढ्यांचं. घटस्फोट शेटजींनीच मागितला होता. कारण लिहिलं होतं, की बायको जेवताना पेंगते, पाहुण्यांसमोर पेंगते, लक्ष्मीपूजनाच्या आरतीत निरांजनासकट पेंगली. आळीत सगळ्यांना हे कारण पटलं, कारण ते खरं होतं. कुंदा पेंगायची. तेवीस वर्षांच्या संसारात एक दिवसाआड पहाटे पावणेचारला नळ यायचा, तो तिनं धरला. साडेपाचला मुलाचा डबा. आणि मधली सहा वर्षं सासूबाई, भागीरथीबाई, मांडीचं हाड मोडून अंथरुणाला होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रात्रीतून चार वेळा कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. कुंदानं चार वेळा कूस बदलली. कोणती झाली आणि कोणती राहिली हे पेंगेत लक्षात राहायचं नाही, म्हणून ती खाटेमागच्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघ ओढायची. डावी कूस केली की डावीकडे कललेली, उजवी केली की उजवीकडे कललेली. सासूबाई गेल्या तेव्हा भिंत छातीपासून फरशीपर्यंत भरली होती. मन्मथशेट त्या सहा वर्षांत शेजारच्या खोलीत झोपायचे. सकाळी दुकान असायचं ना त्यांना.

घटस्फोट मिळाला. कुंदा कोरेपाटणातच भावाकडे राहायला आली. मुलगा बेंगळुरूला नोकरीला लागला होता, त्यानं दोघांनाही फोनवर "काळजी घ्या" म्हणून सांगितलं. आता नळ धरायचा नव्हता, कूस बदलायची नव्हती, तरी कुंदाला रात्रीतून तीनच तास झोप यायची. अंगाला सवयच राहिली नव्हती. त्यातून उजव्या डोळ्याची पापणी मिटायची बंद झाली.

"वन्सं, तुम्ही झोपलाय का जाग्या आहात, काही कळत नाही हो," भावजय म्हणायची. "काल मी तुम्हाला अख्खी चाळ कुणाकुणाशी भांडली ते सांगितलं. तुम्ही बघताय म्हणून सांगत बसले. तर तुम्ही घोरायला लागलात."

"ऐकलं मी. पाटलीणबाईचं आणि पिठाच्या गिरणीचं ना?"

"म्हणजे जाग्या होतात?"

"अर्धी."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितली आणि चष्मा पुसत सांगितलं, की दिवाळीपर्यंत भरपूर झोप मिळाली नाही तर डावी पापणीसुद्धा मिटायची विसरेल. दोन्ही विसरल्या, की पुढे झोप दिली तरी आत राहणार नाही. उघड्या खिडकीतून धूर जातो तशी निघून जाईल. म्हणजे कुंदाला जे काही मिळायचं ते दिवाळीच्या आत मिळायला हवं होतं. दसरा आठ दिवसांवर होता.

मन्मथशेटांनी शपथपत्र दिलं. रकाना तेरा, रात्रीची झोप: अडीच तास. रकाना चौदा, दिवसाची झोप: निरंक.

हे अडीच तास उगाच आलेले नव्हते. ज्याच्याकडे जगण्यापुरतीच झोप आहे त्याच्याकडून कोर्ट मिनिटभरही घेत नाही, हे त्यांच्या वकिलांनी, विसपुत्यांनी, त्यांना पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. सोबत डॉक्टरांचा निद्रानाशाचा दाखला होता. शिवाय समोरच्या दोरीवाल्या राचय्या तोडकरांची साक्ष होती.

"शेटजींचे डोळे मिटलेले तुम्ही कधी पाहिलेत?" विसपुत्यांनी विचारलं.

"पंचवीस वर्षांत एकदा नाही. सकाळी नऊ ते एक आणि दुपारी चार ते नऊ, जेव्हा बघावं तेव्हा माणूस टक्क जागा."

कुंदाच्या वकील रेहाना मुजावर उठल्या. "आणि एक ते चार?"

"एक ते चार मी घरी असतो, वकीलबाई."

"काय करता?"

तोडकरांनी विसपुत्यांकडे बघितलं, मग न्यायाधीशांकडे बघितलं. "वैयक्तिक आहे," ते म्हणाले.

न्यायाधीश तांबोळकर बाईंनी हे उत्तर लिहून घेतलं.

एक ते चार हा भांडी आळीचा कुलाचार आहे. बाहेरगावच्या माणसाला वाटतं की हा आळस. तो आळस नाही, ती पत आहे. ज्याचं दुकान दुपारी उघडं तो गरजू, अशी आळीची समजूत आहे आणि गरजूकडे गिऱ्हाईक घासाघीस करतं. शेट्यांच्या दुकानाला तर आजोबांच्या वेळची पाटी आहे. काळ्या लाकडावर पितळी अक्षरं: 'दुपारी १ ते ४ दुकान बंद राहील. कडी वाजवू नये. हुकमावरून.' हुकूम कुणाचा, ते लिहिलेलं नाही. दर दसऱ्याला कुंदा ती अक्षरं चिंचेनं घासून काढायची.

मुजावर बाईंनी पाटीचा फोटो दाखल केला. विसपुते हसले. "मे. कोर्टाच्या निदर्शनास आणतो, बंद म्हणजे झोप नव्हे. टपाल खातंही रविवारी बंद असतं. सामनेवाला त्या वेळात आतल्या खोलीत माल मोजतात."

"मोजतो," मन्मथशेट म्हणाले.

मग मुजावर बाईंनी भिंत मागितली. त्या घरातल्या खाटेमागच्या भिंतीचा पंचनामा व्हावा, सहा वर्षांच्या रेघा तिथे आहेत. अर्जदार रात्रभर जागत होत्या आणि शेजारच्या खोलीतलं घोरणं त्यांनी स्वतः ऐकलंय. विसपुते परत उठले. रेघा अर्जदाराच्या हातच्या, घोरणं अर्जदाराच्या कानचं. आपल्याच वहीतली आपलीच नोंद आपल्याच फायद्यासाठी वाचायची, याला पुरावा म्हणत नाहीत.

न्यायाधीश बाईंनी बराच वेळ पेन टेबलावर टेकवून ठेवलं. "अडचण अशी आहे," त्या म्हणाल्या, "की झोपेचा साक्षीदार फक्त जागा माणूस असू शकतो. आणि त्या घरात जाग्या फक्त अर्जदार होत्या. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा तर त्यांना लाभ आहे. सामनेवाल्यांवर ठेवायचा तर ते झोपलेले असणार, त्यांना काय माहीत? भिंत दाखल करता येत नाही. पुढची तारीख सोमवार."

त्या सोमवारी दिवाळीला बाराच दिवस राहणार होते.

कोर्टाबाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर मुजावर बाई कपाळाला हात लावून बसल्या. "कुंदाताई, नवरा झोपतो हे सिद्ध करणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं आहे. उद्या मी त्यांना शंभरदा विचारलं, झोपलात का, तर ते शंभरदा नाही म्हणतील."

कुंदानं उजव्या डोळ्यावर रुमाल धरला होता. रसाचा पेला खाली ठेवून ती म्हणाली, "मग विचारू नका. झोपेचं नावच काढू नका."

"आणि काय विचारू?"

"दुकान उघडलं होतं का, ते विचारा. एक ते चार मागच्या दारानं माल विकता, असं आळीत बोलतात, म्हणा."

"बोलतात?"

"छे हो. कुणाची छाती आहे?" कुंदा म्हणाली. "पण तुम्ही म्हणून तर बघा. तेवीस वर्षं त्या माणसाला चहा दिलाय मी. बायको सोडली म्हटलं तर त्यांना चालतं. दुपारी दुकान उघडलं म्हटलेलं चालायचं नाही."

सोमवारी भांडी आळीला साप्ताहिक सुट्टी असते, त्यामुळे सगळी आळी कोर्टात येऊन बसली होती. तोडकर होते, बादल्यांवाले होते, कल्हईवाल्यांचे म्हातारे वडीलसुद्धा काठी टेकत आले होते. मन्मथशेट पांढरी टोपी घालून पिंजऱ्यात उभे राहिले.

"शेटजी, आपण दुपारी माल मोजता," मुजावर बाईंनी सुरुवात केली.

"मोजतो."

"मोजता मोजता विकताही, असं म्हणतात."

"काय?"

"पुढच्या दाराला कडी, आणि मागच्या बोळातून गिऱ्हाईक. लग्नसराईत तर दोनच्या सुमाराला रांग असते, असं ऐकलं. परवाच कुणीतरी सांगत होतं, सहा हंडे आणि एक घंगाळ बोळातून गेलं."

मागच्या बाकांवर कुजबूज झाली. कल्हईवाल्यांचे वडील मोठ्यानं म्हणाले, "शेट्यांच्यात?"

मन्मथशेटांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग तांब्याच्या घागरीसारखा झाला. "कोण बोलतं? नाव सांगा!"

"नाव कशाला, शेटजी. बाजार वाईट आहे, स्पर्धा वाढलीय. माणसाला दुपारी उघडावं लागतं. त्यात लाज कसली?"

विसपुते उठून म्हणाले, "हरकत आहे, हा प्रश्न पोटगीशी..."

"बसा हो तुम्ही!" मन्मथशेट आपल्याच वकिलावर ओरडले. मग न्यायाधीशांकडे वळले. "बाईसाहेब, आमच्या आजोबांच्या काळात प्रांतसाहेबांची जीप दुकानासमोर उभी राहिली होती. दुपारचे दोन. आजोबांनी खिडकीच्या फटीतून सांगितलं, चारला या. प्रांतसाहेब जीपमध्ये बसून राहिले. तीन पिढ्यांत ती कडी एक ते चार निघालेली नाही! माझ्या लग्नाचा मुहूर्त बारा चाळीसचा होता. अक्षता पडल्या, हार घातला, आणि एकला मी दुकानाच्या मागच्या खोलीत होतो. विचारा हिला!"

"होते," कुंदा जागेवरून म्हणाली. "पंगतीला चारनंतर आले. गळ्यात हार तसाच होता. चुरगळलेला."

"ऐका! आणि या म्हणतात रांग! अहो, एक ते चार शेट्यांच्या दुकानात चमचासुद्धा हलत नाही!"

"चमचासुद्धा हलत नाही," न्यायाधीश बाईंनी लिहिता लिहिता म्हटलं. "मग माल कसा मोजता?"

"माल कोण मोजतो?" मन्मथशेट गरजले. "एक ते चार माणूस काय करतो? झोपतो! माझे आजोबा झोपले, माझे वडील झोपले, मी झोपतो!"

मागच्या बाकांवरून कुणीतरी "शाबास" म्हणालं. मन्मथशेटांनी टोपी नीट केली, आळीकडे वळून बघितलं, सगळ्यांच्या माना मानानं हलताना पाहिल्या. त्यांचा श्वास खाली बसला. मग त्यांची नजर विसपुत्यांवर गेली. विसपुत्यांनी शपथपत्राची फाइल मिटून तिची दोरी बांधायला घेतली होती.

निकाल त्याच दुपारी दिला, चार वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे आळीला एक ते चार आटोपून परत ऐकायला येता यावं.

न्यायाधीश बाईंनी शांतपणे वाचून दाखवलं. रकाना चौदा खोटा ठरतो. दिवसाची झोप तीन तास, सामनेवाल्यांनी स्वतः आणि उत्स्फूर्तपणे मान्य केलेली. रकाना तेरा मात्र कोर्ट जसाच्या तसा स्वीकारत आहे. रात्री अडीच तास झोपतो असं त्यांनी शपथेवर सांगितलं आहे आणि ते खोडायला दुसरा पुरावा नाही. अर्थात, जगण्यापुरती झोप सामनेवाल्यांना रात्रीच मिळते. म्हणून दुपारचे तीनही तास शिल्लक धरावेत. अर्जदारांची माहेरची झोप साडेसात तास, सध्याची तीन. तेव्हा ते तीनही तास अर्जदारांना.

मन्मथशेट उभे राहिले. "पण बाईसाहेब, रात्री मी खरं तर..."

"खरं तर किती झोपता?" न्यायाधीश बाईंनी पेन उचललं.

रात्री नऊ तास झोपतो, असं म्हणायचं तर शपथपत्र दुसऱ्यांदा खोटं ठरणार होतं, आणि दोन खोट्या रकान्यांना कोरेपाटणला तुरुंग आहे. तिथे पाचला उठवतात. विसपुत्यांनी अशिलाचा सदरा मागून ओढला. मन्मथशेट बसले.

"सोमवारचं काय, मे. कोर्ट?" मुजावर बाईंनी विचारलं.

"सोमवारी दुकानच बंद असतं. त्यामुळे सोमवारचं एक ते चार सिद्ध झालेलं नाही. महिन्याचे सव्वीस दिवस, अठ्ठ्याहत्तर तास. जांभया एकशे चार. पहिला हप्ता पाच तारखेची वाट न बघता उद्या."

दुसऱ्या दिवशी मन्मथशेटांनी स्वतःच्या दुकानातले सव्वीस कडीचे डबे हातगाडीवरून कोर्टात आणले. एका डब्यात चार जांभया. गुरव नाझर बोटं मोजत होते आणि प्रत्येक डबा कानाशी धरून हलवत होते. एकही दचकला नाही. "आडवी?" त्यांनी विचारलं. "गादीवरची," मन्मथशेट जबडा दाबत म्हणाले. "सावरीच्या कापसाची गादी आहे. आजोबांची." नाझर अनुभवी माणूस, पण त्यांनीही मान डोलावली. इतका भरीव माल त्यांच्या टेबलावर क्वचित आला होता.

त्या दुपारी कुंदानं भावजयीला दार ओढून घ्यायला सांगितलं, उशीवर डोकं टेकलं आणि पहिल्या डब्याचं झाकण काढलं. आधी पितळेचा वास आला, मग खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उन्हाचा. लांब रस्त्यावर कुठेतरी एक जीप उभी होती आणि तिला घाई नव्हती. तीन तासांनी भावजय चहा घेऊन आली तेव्हा कुंदाचे दोन्ही डोळे मिटलेले होते. भावजयीनं उजव्या डोळ्यासमोर हात हलवून बघितला. मग चहा स्वतः प्यायली.

पुढचे महिने ठरल्याप्रमाणे गेले. कुंदा सहा तास झोपायला लागली. सोमवारी मात्र तीनच. मसाल्याच्या कारखान्यात पुड्या बांधायचं काम तिला मिळालं. तिथली मुकादम म्हणायची, "या बाईनं बांधलेली पुडी सुटत नाही."

मन्मथशेटांची दुपार मात्र मोकळी झाली. दुकान ते उघडत नव्हते, पाटी होती ना. झोप येत नव्हती, ती डब्यात जात होती. आतल्या खोलीत बसून बसून त्यांना कंटाळा यायचा, म्हणून ते घरी यायचे. घरात दुपारी तीन तास जागं राहायची त्यांची ही पहिलीच वेळ. मोरीतल्या रिकाम्या बादल्या बघून त्या नळाखाली लावायचा क्रम असतो, हे त्यांना कळलं. आईच्या खाटेमागची भिंत त्यांनी तोवर नीट बघितलेली नव्हती.

सहाव्या महिन्याच्या पाच तारखेला सव्वीस डबे झाल्यावर त्यांनी पिशवीतून सत्ताविसावा काढला. लहानसा, लोणच्याचा. त्यात त्यांनी एकच जांभई दिली.

"ही एकशे पाचवी," नाझर म्हणाले. "मोजण्यात चुकलात, शेटजी."

"चुकलो नाही. घ्या."

"आदेशात नाही. आदेशाबाहेरचं मला घेता येत नाही. आणि बाईंनी घेतलं, तर त्यांनी सही करायला हवी."

कुंदा डबे न्यायला आलेलीच होती. तिनं लोणच्याच्या डब्याकडे बघितलं. "हे कशाचं?"

मन्मथशेटांनी खिशातून कागद काढला. दुकानाच्या बिलाचा होता, पाठीमागे आकडे लिहिलेले. "भिंत मोजली," ते म्हणाले.

"कधी?"

"एक ते चार. दुसरं काय काम आहे? एकदा डाव्या मोजल्या, एकदा उजव्या. आठ हजार सातशे बारा भरल्या."

कुंदानं मनातल्या मनात हिशोब केला. ओठ हलत होते. "आठ हजार सातशे साठ हव्यात."

"दोनदा मोजल्या. बारा."

"अठ्ठेचाळीस कमी," कुंदा म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. "बारा रात्री आई दवाखान्यात होत्या. तुम्ही होता सोबत. त्या तुम्ही बदलल्या."

 मन्मथशेटांना खोटं बोलायला जागा होती आणि साक्षीदार नव्हता. "मी नाही," ते म्हणाले. "नर्सबाईनं बदलल्या. मी बाकावर झोपलो होतो."

"मग त्या तुमच्याही नाहीत आणि माझ्याही नाहीत. तुमचा आकडा बरोबर आहे."

"एका वेळेला पाव तास धरलाय. कमी वाटत असेल तर सांग."

"पुरे. आई हलक्या होत्या."

गुरव नाझरांनी कागद ओढून घेतला आणि पेन्सिलीनं भागाकार मांडला. "पाव तासानं आठ हजार सातशे बारा म्हणजे दोन हजार एकशे अठ्ठ्याहत्तर तास. महिन्याला पाऊण तास दिलात, तर शेटजी, हे फिटायला दोनशे बेचाळीस वर्षं लागतील."

"महिन्याला जास्त निघत नाही," मन्मथशेट म्हणाले. "कागदावर रात्रीचे अडीचच आहेत ना माझे. कोर्टानं मान्य केलेले. त्यातूनच हे काढलंय."

नाझरांनी कुंदाकडे बघितलं.

"लागू देत," कुंदा म्हणाली. "पावती फाडा."

"कुठल्या सदरात लिहू?"

दोघांनाही सदर माहीत नव्हतं. नाझरांनी 'इतर' लिहिलं आणि लाख तापवायला घेतली. तो लहान डबा कुंदानं सोमवारसाठी वेगळा ठेवला. आता दर महिन्याला तो तसाच येतो. त्यातली झोप पाऊण तासाचीच असते आणि मध्ये एकदा कूस बदलते, एवढीच काय ती तक्रार.

तर मंडळी, तुमच्याही घरात नळ येत असेल, दुधाची पिशवी येत असेल, कुणाला तरी रात्री औषध लागत असेल. उद्या जो उठेल त्यानं भिंतीवर रेघ ओढावी. जो झोपलेला असेल त्यानं दुपारी ती मोजावी. एक जास्त नको, एक कमी नको. हिशोब तेवढा खरा ठेवा.